थांबावे की पुढे जावे?

क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला अडकवलेला असतो. टाच मोकळी राहते. डोंगरउतारावरून खाली घसरण्याच्या स्कीइंगमध्ये टाचही जखडलेली असते, त्यामुळे तिथे वर जायला रोपवे लागतो. इथे माणूस आपल्या पायांनी आणि दोन काठ्यांच्या जोरावर चढ चढतो, सपाटीवर सरकतो आणि उतारावर घसरतो. पारंपरिक शैलीत स्की बर्फात यंत्राने पाडलेल्या दोन समांतर चरांतून जातात. बैलगाडीच्या वाटेवर उमटतात तशा या चरांना मराठीत चाकोरी हाच शब्द शोभतो. एका चाकोरीत एका वेळी एकच माणूस मावतो. सोबत जायचे तर एकामागे एक जावे लागते, किंवा शेजारची चाकोरी मोकळी असेल तर बाजूबाजूने. मित्रांबरोबर शर्यतीत उतरण्याविषयीचा वाद या साध्या रचनेपासूनच सुरू होतो.

हा वाद जिथे सर्वांत मोठ्या प्रमाणावर जगला जातो ती शर्यत म्हणजे स्वीडनमधील वासालोपेट. डालार्ना प्रांतातील सेलेनजवळून निघून मोरा या गावी संपणारी ही ९० किलोमीटरची शर्यत मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. १९२२ साली ती प्रथम झाली तेव्हा ११९ जण धावले आणि २२ वर्षांचा अर्न्स्ट आल्म साडेसात तासांहून थोड्या अधिक वेळात पहिला आला. आता एकाच सकाळी पंधरा हजारांहून अधिक लोक सुटतात. त्यांतल्या मोजक्यांना जिंकायचे असते. बाकीचे बहुतेक कोणाच्या तरी सोबतीने आलेले असतात : कचेरीतले सहकारी, बहीणभाऊ, शाळेपासूनचे मित्र. ते मिळून नाव नोंदवतात, हिवाळाभर मिळून सराव करतात, एकाच गाडीतून सेलेनला येतात. सकाळी आठ वाजता शर्यत सुटल्यावर मात्र त्यांनी एकत्र राहायचे की आपापल्या वेगाने जायचे, यावर दोन पक्ष पडतात. एक वेळेचा, दुसरा सोबतीचा. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडण्याच्या जुन्या रीतीने त्यांचे म्हणणे येथे शर्यतीच्या क्रमाने दिले आहे.

वेळेचा पक्ष : शर्यत हे मोजमाप आहे. छातीवरचा क्रमांक एकाचा, घोट्याला बांधलेली चिप एकाची, निकालपत्रातली ओळही एकाचीच. विजेत्याच्या वेळेत तिचीच निम्मी मिळवली की जी मर्यादा येते, तिच्या आत पोहोचणाऱ्याला या शर्यतीत खास पदक मिळते. विजेत्याला चार तास लागले तर पदकाची मर्यादा सहा तास. ज्याने वर्षभर पहाटे उठून त्या सहा तासांसाठी तयारी केली, त्याला वाटेत थांबायला सांगणे हा त्याच्या कष्टांचा अवमान आहे. एकत्र फिरायचे असेल तर वर्षातले बाकीचे सगळे रविवार मोकळे आहेत.

सोबतीचा पक्ष : मोजमाप नंतर आले. ज्या कथेवर ही शर्यत उभी आहे तिच्यात घड्याळ नाही. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने स्टॉकहोममध्ये स्वीडिश सरदारांची कत्तल केली. तिच्यात वडील गमावलेला तरुण गुस्ताव वासा डालार्नात आला आणि त्याने मोराच्या लोकांना उठावाची हाक दिली. लोक कचरले. तो एकटा नॉर्वेच्या दिशेने निघून गेला. पुढे कत्तलीच्या आणि जुलमाच्या बातम्या पोहोचल्या, लोकांचे मन पालटले आणि गावाने दोन स्कीपटू त्याच्या मागे पाठवले. दोघांनी त्याला सेलेनपाशी गाठून परत आणले. १५२३ मध्ये तो राजा झाला. शर्यत मोराहून सेलेनला जात नाही, सेलेनहून मोराला येते, हे विसरू नये. एकट्याच्या जाण्याची वाट तिने घेतलेली नाही. तिघांच्या परतीची वाट घेतली आहे.

कथेतले तपशील इतिहासापेक्षा दंतकथेच्या अंगाने आलेले आहेत, पण १९२२ साली आंडर्स पेर्स या वृत्तपत्रकाराने शर्यतीची कल्पना मांडली ती याच कथेच्या स्मरणार्थ. त्यामुळे दिशेचा मुद्दा केवळ भावनेचा नाही. वेळेच्या पक्षाचे त्यावरचे उत्तरही तितकेच नेमके आहे.

वेळेचा पक्ष : गावाने पाठवले ते दोघे गावातले सर्वांत चपळ होते, म्हणूनच निवडले गेले. मागे राहिलेल्या शेजाऱ्यांसाठी ते दर मैलाला थांबले असते, तर गुस्ताव नॉर्वेत पोहोचला असता आणि आणायला कोणी उरले नसते.

सोबतीचा पक्ष : पण दोघे पाठवले, एक नव्हे. निरोप सांगायला एकही पुरला असता. हिवाळ्यातल्या रानात एकट्याला पाठवायचे नसते, हे त्या गावाला ठाऊक होते. नॉर्वेच्या शर्यतीचीही हीच साक्ष आहे. १२०६ साली बिर्केबाइनर गटाच्या दोघा योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्र होकोनला शत्रूपासून वाचवण्यासाठी स्कीवरून डोंगरापार नेले. त्याच्या स्मरणार्थ १९३२ पासून रेना ते लिलेहामर ही ५४ किलोमीटरची शर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धकाला पाठीवर किमान साडेतीन किलो ओझे न्यावे लागते. ते त्या बाळाचे वजन. स्वतः चालू न शकणाऱ्याला बरोबर नेणे हा तिथे नियमच आहे.

कथांचा पुरावा इथपर्यंतच नेता येतो. पुढचे सारे बर्फावर ठरते.

पहिली अडचण सुरुवातीच्या मैदानावरच येते. वासालोपेटमध्ये स्पर्धकांना आधीच्या शर्यतींतील वेळेवरून दहा गटांत विभागतात. वेगवान पुढे, ज्यांच्या नावावर आधीची वेळ नाही असे नवखे सर्वांत मागे. चार मित्रांपैकी एक जुना खेळाडू असेल आणि तिघे प्रथमच येत असतील, तर त्यांच्यामध्ये हजारो माणसे उभी राहतात. पहाटे मैदान उघडताच लोक आपापल्या गटात स्की बर्फावर मांडून जागा धरतात, एसटीच्या बाकावर रुमाल टाकून धरावी तशी. जुन्या मित्राला सोबत करायची असेल तर आपली जागा सोडून शेवटच्या गटात जावे लागते, आणि त्या त्यागाची किंमत पहिल्या तीन किलोमीटरांतच कळते. सपाट मैदान संपताच सुमारे दीडशे मीटर उंचीचा चढ लागतो. मैदानावरच्या असंख्य चाकोऱ्या तिथे आक्रसतात आणि मागच्या गटांतील लोक खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या स्कीवर पाय देत, मुंगीच्या वेगाने वर सरकतात. काठ्या मोडतात त्या इथेच. पुढच्या गटातला माणूस जो चढ काही मिनिटांत पार करतो, तो मागच्यांना कितीतरी अधिक वेळ अडकवतो.

वेळेचा पक्ष : एवढा वेळ गमावून मैत्रीला काय मिळाले? त्या गर्दीत चौघे एकमेकांना दिसतही नाहीत.

या मुद्द्यावर वेळेच्या पक्षाची बाजू खरी आहे. पहिल्या चढावर एकत्र राहण्याचा हट्ट धरणारे गट बहुधा तिथेच विखुरतात आणि मग प्रत्येक जण मागे वळून पाहण्यात दम घालवतो. भेटीची जागा चढाच्या माथ्यापलीकडे, ११ किलोमीटरवरच्या स्मोगान ठाण्यावर ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

त्यापुढची ठाणी अशी : मोंग्सबोडार्ना २४ किलोमीटरवर, रिसबर्ग ३५, एवर्ट्सबर्ग ४७, ऑक्सबर्ग ६२, होकबर्ग ७१, एल्ड्रिस ८१ आणि मग मोरा. ठाण्यांवर कोमट ब्लूबेरीचे सूप, गोड पाव, पाणी मिळते. जांभळट रंगाचे हे दाटसर सूप या शर्यतीची ओळख बनले आहे, आणि त्याचे काम शोभेचे नाही. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर जोराच्या कष्टाला दोनेक तास पुरते, तर सामान्य स्पर्धक सात ते अकरा तास बर्फावर असतो. थंडीत तहान-भूक जाणवत नाही. जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

सोबतीचा पक्ष : म्हणूनच सोबत हवी. अंगातली साखर उतरू लागली की माणूस आधी गप्प होतो, मग चिडतो, मग ठाण्यावर न थांबताच पुढे निघतो. ते त्याला स्वतःला कळत नाही. त्याच्या हातात पेला देऊन तो रिकामा होईपर्यंत समोर उभा राहणारा मित्र वेळ वाया घालवत नसतो.

वेळेचा पक्ष : आणि त्या मित्राचे काय? नव्वद किलोमीटरच्या कष्टात शरीर भट्टीसारखे तापलेले असते. अंगावर पातळ कपडे असतात आणि ते घामाने भिजलेले. उणे दहा अंशांत उभे राहिले की काही मिनिटांत बोटे बधिर होतात. वेगवान मित्र थांबून गारठतो. हळू मित्र त्याला थांबावे लागू नये म्हणून झेपेल त्यापेक्षा जोर लावतो आणि साठ किलोमीटरवर संपतो. दोघे एकमेकांच्या प्रेमापोटी एकमेकांचे नुकसान करतात.

हा वेळेच्या पक्षाचा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे. दम आणि ताकद यांत मोठी तफावत असलेल्यांनी सबंध शर्यत एकत्र करण्याचा आग्रह धरू नये, हे त्यातून निर्विवाद निघते. युक्तिवाद याहून पुढेही नेता येतो. सारख्याच वेळेत मोराला पोहोचणारे दोघेसुद्धा वाटेत एकत्र राहू शकतीलच असे नाही. पारंपरिक शैलीत स्कीच्या मधल्या भागाला पकडीचे मेण लावतात. पाय दाबला की ते बर्फ धरते आणि मागे न घसरता चढता येते. पण सपाटीवर तेच मेण थोडे अडतेही. दंडांत बळ असलेले काही जण पकडीचे मेण लावतच नाहीत. फक्त घसरण वाढवणारे मेण लावून दोन्ही काठ्या एकदम रोवत सबंध अंतर कापतात. असा माणूस पहिल्या चढावर मागे पडतो आणि एवर्ट्सबर्गनंतरच्या लांब उतारावर नाहीसा होतो. ऑक्सबर्ग-होकबर्गच्या चढांवर मेणवाला त्याला पुन्हा गाठतो. एकूण वेळ सारखी, पण लय वेगळी. अशा दोघांनी एका चाकोरीत राहण्यासाठी झगडणे व्यर्थ आहे. त्यांना ठाणीच खरी एकत्र आणतात.

लय जुळली तर मात्र सोबतीने वेगही वाढतो, आणि हे वेळेच्या पक्षालाही नाकारता येत नाही. पुढच्या माणसाच्या आडोशाने जाणाऱ्याला वारा कमी लागतो. ताजा बर्फ पडत असेल तर पुढच्याने चाकोरी मोकळी केलेली असते. आळीपाळीने पुढे राहणारे तिघे एकेकट्या तिघांपेक्षा कमी दमतात. लांब पल्ल्याच्या व्यावसायिक शर्यतींत संघ असतात आणि संघातले सहकारी आपल्या सर्वांत बलवान खेळाडूसाठी वारा अंगावर घेतात. म्हणजे घड्याळावरच ज्यांची रोजीरोटी आहे त्यांनीही सोबत सोडलेली नाही.

सोबतीच्या पक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा थंडीचा आहे. हिमदंश गालावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा कानाच्या पाळीवर पांढरट डागाच्या रूपाने सुरू होतो. त्या जागेची संवेदना गेलेली असल्यामुळे तो दुखत नाही, आणि स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही. तो दुसऱ्यालाच दिसतो. शरीराचे तापमान घसरू लागते तेव्हाही असेच होते : थरथर, अडखळते बोलणे, हातातून वस्तू निसटणे, आणि सर्वांत घातक म्हणजे आपले ठीक चालले आहे असा ठाम समज. उत्तरेकडच्या देशांत हिवाळी प्रवासात जोडीदाराचा चेहरा अधूनमधून न्याहाळण्याची शिस्त आहे ती यामुळेच.

वेळेचा पक्ष : वासालोपेट म्हणजे निर्जन रान नव्हे. पुढेमागे हजारो लोक आहेत, ठाण्यांवर डॉक्टर आहेत.

सोबतीचा पक्ष : हजारो लोक आहेत, पण त्यांतला कोणी कालचा चेहरा ओळखत नाही. अडखळणारे बोलणे आजारी माणसाचे की मुळातच तसे, हे अनोळखी माणसाला कसे कळावे? ओळख हीच इथली तपासणी आहे.

हा मुद्दा वेळेच्या पक्षाला खोडता आलेला नाही आणि तो खोडता येण्यासारखाही नाही. कडाक्याच्या दिवशी, विशेषतः नवख्यांच्या बाबतीत, सोबतीचे पारडे निःसंशय जड आहे.

उत्तरार्धात आणखी एक हिशेब येतो. प्रत्येक ठाण्याला बंद होण्याची वेळ असते. त्या वेळी चाकोऱ्यांवर आडवा दोर धरतात. मागे राहिलेल्यांची शर्यत तिथे संपते आणि त्यांना बसने मोराला नेतात. थकलेल्या मित्रासाठी थांबलेला माणूस दोरात सापडला तर एकाऐवजी दोघांची शर्यत जाते. हळू मित्राने अशा वेळी सोबत्याला स्वतःहून पुढे धाडावे. मागे राहिलेला एकटा पडत नाही, कारण ठाण्यावर त्याला कांबळे आणि गरम पेय मिळते. पण हा निर्णय चाकोरीत, भुकेल्या आणि गोठलेल्या मनाने घेण्याचा नाही. कोणत्या ठाण्यापर्यंत एकत्र, किती मिनिटे वाट पाहायची, कोणत्या वेळेनंतर थांबायचे नाही, हे आदल्या रात्री मेण लावताना ठरलेले असावे. न ठरवता निघालेल्या गटांत जे रुसवे होतात त्यांचे मूळ शर्यतीत नसते. एकाने सोबतीची अपेक्षा मनात ठेवलेली असते, दुसऱ्याने वेळेची, आणि दोघांनीही ती बोलून दाखवलेली नसते.

आयोजकांनीही हा पेच ओळखला आहे. मुख्य शर्यतीच्या आठवड्यात त्याच मार्गावर इतर शर्यती होतात. १९७९ पासून असलेल्या ‘खुल्या चाकोरी’च्या दिवशी अंतर तेच, पण जुन्या वेळांवरून गटवारी नसते, एकत्र निघू इच्छिणाऱ्यांना ती सोयीची. पाच जणांच्या रिलेत नव्वद किलोमीटर २४, २३, १५, ९ आणि १९ अशा टप्प्यांत वाटलेले असतात. नवख्याला नऊ किलोमीटरचा टप्पा देता येतो आणि संघाची वेळ एकच लागते. रात्रीची शर्यतही आहे. डोक्यावर दिवा बांधून, अंधाऱ्या जंगलातून, आणि ती जोडीनेच करायची असते. गर्दी आणि उजेड नसला की सोबत ऐच्छिक राहत नाही, ती नियम होते. सोबतीच्या पक्षाला याहून मोठी मान्यता क्वचितच मिळेल.

कोणाला सोबत घेता येईल हेही फार काळ स्पर्धकांच्या हाती नव्हते. १९२३ साली मार्गित नोर्दिन या स्त्रीने सुमारे दहा तासांत शर्यत पुरी केली आणि लगेच पुढच्या वर्षापासून स्त्रियांना बंदी झाली. ती १९८१ मध्ये उठली. म्हणजे मधली सत्तावन्न वर्षे बहीणभावाने किंवा नवराबायकोने एका चाकोरीतून जाणे नियमबाह्य होते. आज मिश्र गटांचे दृश्य इतके सहज झाले आहे की त्यामागचा हा अन्याय ध्यानात येत नाही. तो ध्यानात ठेवायला हवा.

अंतिम रेषेवर तरी दोघांना एक होता येते का? या प्रश्नाचे उत्तर शर्यतीच्या इतिहासात दोनदा मिळाले आहे. १९२८ साली पेर-एरिक हेडलुंड आणि स्वेन उटरस्ट्रॉम एकत्रच रेषेवर आले. पंचांनी विजेता म्हणून हेडलुंडचे एकट्याचे नाव लावले. १९८८ साली आंडर्स आणि ओर्यान ब्लूमक्विस्ट हे भाऊ बरोबरीने पोहोचले. विजय आंडर्सच्या नावावर नोंदला गेला. पुढच्या वर्षी ओर्यान स्वतः जिंकला.

वेळेचा पक्ष : यातच निकाल आला. रेषा दोघांना ओळखत नाही.

सोबतीचा पक्ष : रेषा ओळखत नाही, पण माणसे ओळखतात. त्या दोन वर्षांची आठवण निघते तेव्हा दुसऱ्याचे नाव पहिल्याबरोबरच निघते. साधा दुसरा क्रमांक मिळवणाऱ्या किती जणांच्या वाट्याला हे येते?

दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या नोंदींविषयी आहेत. जिंकण्यासाठी आलेल्याने पहिली नोंद जपावी. पण पंधरा हजारांतल्या बहुतेकांचा क्रमांक दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. त्यांनी दुसऱ्या नोंदीसाठी काही मिनिटे खर्चायला हरकत नसावी, असे मत इथे नोंदवण्यास जागा आहे.

मोराच्या चर्चच्या घंटाघराजवळ शर्यत संपते. सेलेनला सोपवलेली कोरड्या कपड्यांची पिशवी तिथे आधीच पोहोचलेली असते. गरम पाण्याने अंघोळ आणि जेवणाची सोय असते. वेगाने आलेला मित्र प्रथम कपडे बदलतो, खातो, अंगात ऊब आणतो. मार्गावर जे थांबणे त्याला गारठवणारे होते, ते आता त्याला काहीच इजा करत नाही. मग तो जाड कोट घालून, मित्राची पिशवी आणि सुपाचा एक पेला घेऊन, रेषेपलीकडे कुंपणापाशी येऊन उभा राहतो. मार्चमध्ये तिथे सहाच्या आसपास अंधारते. दिव्यांच्या उजेडात एकेक जण येत असतो आणि छातीवरचा ओळखीचा क्रमांक वळणावर दिसेपर्यंत त्याला तिथे उभे राहायचे असते.